लाखेचा रंग, लाखेची चमक: मिरजेच्या सतारीपासून इलेक्ट्रिक गिटारपर्यंत

१/
हिंगोली जिल्ह्यात डोंगरकड्याच्या परिसरात, किंबहुना मराठवाड्यात सर्वत्रच, माघ-फाल्गुनात पळस फुलतो. त्याच्या फुलांचा केशरी रंग धुळवडीमुळे सर्वांना परिचित आहे. याच झाडाच्या फांदीवर आणखी एक रंग वाढू शकतो. तो फुलाचा नसून एका किड्याचा असतो. लाकडी वाद्यांच्या रंगकामाचा आणि झिलईचा इतिहास या किड्यापाशी येऊन पोहोचतो. हा धागा त्या इतिहासाविषयी आहे.

२/
केरिया लाक्का हे लाखेच्या कीटकाचे शास्त्रीय नाव. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर तो वस्ती करतो, रस शोषतो आणि अंगाभोवती राळेसारखा स्राव सोडतो. असंख्य कीटकांचा स्राव एकमेकांत मिसळून फांदीभोवती जाड कवच तयार होते. खरवडून काढलेले हे कवच म्हणजे काडीलाख. महाराष्ट्रात गोंदिया-गडचिरोलीच्या वनपट्ट्यात तिचे उत्पादन होते.

३/
काडीलाखेत दोन निराळी द्रव्ये एकत्र असतात. कीटकाच्या शरीरातला लाल रंग पाण्यात विरघळतो. कवचातली राळ पाण्यात विरघळत नाही, मद्यार्कात मात्र सहज विरघळते. त्यामुळे पाण्याने रंग वेगळा काढता येतो आणि राळ मागे उरते. पुढील दोनशे वर्षांचा सगळा व्यापार या साध्या गुणधर्मावर उभा राहिला.

४/
लाखेची ओळख भारतीयांना फार जुनी. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडात लाक्षेला उद्देशून एक सूक्त आहे. महाभारतातले वारणावताचे लाक्षागृह ज्वलनशील ठरले ते या राळेमुळे. पायाला लावायचा अळता लाखेच्या लाल रंगापासून होत असे. युरोपीय भाषांत एका प्रकारच्या चित्ररंगाला ‘लेक’ आणि चकचकीत लेपाला ‘लॅकर’ म्हणतात. या दोन्ही शब्दांचे मूळ लाखेतच आहे. एक शब्द रंगाकडे गेला, दुसरा चमकेकडे.

५/
लाकडावर रंग चढवण्याच्या दोन परंपरा आहेत. पहिली सावंतवाडीच्या खेळण्यांत दिसते. कातकामाच्या यंत्रावर लाकूड फिरत असते, त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर सारखी पसरते. लाल, पिवळा, हिरवा असा भरदार थर चढतो. आत कोणते लाकूड आहे हे पाहणाऱ्याला कळत नाही आणि कळण्याची गरजही नसते.

६/
दुसऱ्या परंपरेत लाकूडच दाखवायचे असते. काही झाडांचे तंतू सरळ न वाढता लाटांसारखे वळत जातात. असे लाकूड चिरले की काही ठिकाणी तंतू पृष्ठभागाला समांतर दिसतात, तर काही ठिकाणी त्यांची टोके वर येतात. प्रकाश दोन्हींवरून वेगवेगळ्या दिशांना परततो. म्हणून व्हायोलिनच्या पाठीवरचे मेपलचे पट्टे वाद्य किंचित फिरवताच हलल्यासारखे भासतात.

७/
अशा नक्षीदार लाकडाला रंगलेप लावला तर नक्षी बुजते, कारण लेपाचे कण पृष्ठभागावरच बसतात. विरघळलेला रंग मात्र आत मुरतो. तंतूंची टोके जिथे उघडी असतात तिथे तो अधिक शोषला जातो व गडद दिसतो. तंतू आडवे असतात तिथे फिका राहतो. गिटार घडवणारे कारागीर अनेकदा प्रथम गडद रंग मुरवतात, मग पृष्ठभाग हलकेच घासून काढतात. गडद छटा उघड्या टोकांतच उरते. त्यावर उजळ रंग दिला की पट्टे उठून दिसतात.

८/
मुरलेल्या रंगाला संरक्षण हवे असते आणि ते पारदर्शकच असावे लागते. इथे लाखेची राळ उपयोगी पडते. काडीलाख कुटून, भिजवून, चोळून लाल पाणी काढून टाकतात. उरलेले दाणे कापडाच्या लांब पिशवीत भरून भट्टीसमोर धरतात आणि पिशवी पिळत जातात. वितळून बाहेर येणारी राळ ताणून पातळ पत्रा करतात. तो मोडला की चपडा तयार होतो. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की पॉलिश होते.

९/
परंतु अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपच्या बाजारात मान होता तो लाल पाण्याला. लाल लोकरी कापडासाठी कोचिनील नावाचा मेक्सिकोतील कीटकजन्य रंग वापरला जाई आणि त्याच्या व्यापारावर स्पेनची पकड होती. ईस्ट इंडिया कंपनीला पर्याय हवा होता. लाखेच्या लाल रंगाच्या वड्या भारतातून इंग्लंडला जाऊ लागल्या. त्या व्यापारात राळेचे स्थान दुय्यम होते.

१०/
१८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला कोलटारजन्य द्रव्यांवर प्रयोग करताना जांभळा रंग मिळाला. हा पहिला यशस्वी कृत्रिम रंग. १८६८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ग्रेबे आणि लिबरमन यांनी मंजिष्ठासदृश वनस्पतींत सापडणारे अलिझारीन प्रयोगशाळेत तयार केले. कारखान्यांतून स्वस्त लाल रंग बाहेर पडू लागला आणि लाखेच्या रंगाचा बाजार कोसळला.

११/
मग पारडे फिरले. पूर्वी जपून ठेवला जाणारा लाल रंग आता धुवून टाकायचा मळ ठरला आणि पूर्वी गौण असलेली राळ मुख्य माल झाली. फर्निचर, वाद्ये, विजेच्या उपकरणांतील रोधक लेप, सगळीकडे चपड्याला मागणी आली. किडा तोच, झाड तेच, लाख गोळा करणारे हातही तेच. बाजाराने टाकायचे आणि ठेवायचे काय, याची मात्र अदलाबदल केली.

१२/
साधारण याच एकोणिसाव्या शतकात मिरजेत सतार आणि तंबोरे घडू लागले. ही परंपरा शिकलगार घराण्यांची. हत्यारांना धार लावणे हा त्यांचा मूळ व्यवसाय. पेशवाईच्या अस्तानंतर शस्त्रांचे काम घटले. मिरज संस्थानात पटवर्धनांच्या आश्रयाने संगीत बहरत होते आणि वाद्यांच्या दुरुस्तीसाठी कुशल हात हवे होते. या परंपरेचे आद्य कारागीर म्हणून फरीदसाहेब यांचे नाव घेतले जाते. धातू पारखणारे हात लाकडाकडे वळले.

१३/
मिरजेच्या वाद्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतो. दांडी आणि तबली यांसाठी तुणीचे लाकूड वापरले जाते. तूण हा महोगनी आणि कडुनिंब यांच्याच कुळातला वृक्ष. त्याचे लाकूड तांबूस आणि वजनाने हलके असते. त्याच्या फुलांपासूनही कापडासाठी पिवळा रंग काढला जात असे. म्हणजे रंग देणारे झाड स्वतःच वाद्य होते आणि दुसऱ्या झाडांवरच्या किड्याकडून आपली झिलई घेते.

१४/
चपड्याच्या पॉलिशचे काम बाहेरून सोपे वाटते. मलमलीत कापूस गुंडाळून बोळा करायचा, पॉलिशमध्ये बुडवायचा, हात न थांबवता फिरवायचा. थर इतका पातळ असतो की असे अनेक थर द्यावे लागतात. हात क्षणभर थांबला तरी डाग उमटतो. स्पिरिट उडून जाते, राळ उरते. पुढचा थर आधीच्या थराला किंचित विरघळवून त्यात एकजीव होतो. म्हणूनच या झिलईची दुरुस्ती करता येते. पाण्याचा थेंब आणि उष्णता तिला सोसत नाही, ही तिची उणीव.

१५/
मिरजेच्या या वाद्यसंस्कृतीशी किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे नाव कायमचे जोडलेले आहे. तंबोऱ्याच्या जुळणीबाबत ते अत्यंत काटेकोर असत. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि मिरजेत ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले. तेथे उरुसाच्या वेळी आजही संगीत महोत्सव भरतो. त्यांचा आवाज आज ऐकू येतो तो ध्वनिमुद्रिकांमुळे. आणि त्या ध्वनिमुद्रिकाही लाखेच्याच होत्या.

१६/
एमिल बर्लिनर याने १८९५ च्या सुमारास तबकड्यांसाठी कठीण रबराऐवजी लाखेचे मिश्रण वापरण्यास सुरुवात केली. दगडाची भुकटी, काजळी आणि त्यांना बांधून ठेवणारी लाख, असे ते मिश्रण. भारतातले पहिले व्यावसायिक ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये झाले, पण तबकड्या छापून यायच्या जर्मनीतून. भारतीय जंगलातली लाख परदेशी जाई आणि भारतीय गाणे होऊन परत येई. एकाच किड्याची राळ तंबोऱ्याच्या अंगावर होती आणि त्याचा सूर टिपणाऱ्या तबकडीतही.

१७/
आता इलेक्ट्रिक गिटारकडे वळू. १९५८ मध्ये अमेरिकेतील कलामझू येथील गिब्सन कंपनीने आपल्या लेस पॉल गिटारवरचा अपारदर्शक सोनेरी रंग बाजूला ठेवला आणि कडेला लाल, मध्ये पिवळा असा पारदर्शक रंग दिला. त्याखाली महोगनीचे अंग आणि मेपलचा दर्शनी भाग. सोनेरी रंगाखाली दडलेले मेपलचे पट्टे आता दिसू लागले. सावंतवाडीची रीत सोडून व्हायोलिनची रीत पत्करावी, असा हा बदल होता. झिलई मात्र लाखेची नव्हती. ती नायट्रोसेल्युलोजची होती.

१८/
त्या गिटारींवरचा लाल रंग कृत्रिम होता, म्हणजे पर्किनच्या शोधातून उगम पावलेल्या परंपरेतला. तो उन्हात टिकला नाही. दुकानाच्या खिडकीत टांगलेल्या गिटारींचा लाल रंग उडत गेला. काही मधासारख्या पिवळ्या, तर काही तपकिरी झाल्या. १९६० मध्ये कंपनीने अधिक टिकाऊ लाल रंग वापरायला सुरुवात केली. विशेष असे की आज संग्राहक त्या उडालेल्या रंगाच्या गिटारींसाठीच मोठ्या किमती मोजतात आणि नव्या गिटारी मुद्दाम तशा फिक्या रंगवल्या जातात.

१९/
लाखेचे पारडे पुन्हा एकदा खाली आले. १९४८ मध्ये अमेरिकेत विनाइलची लाँग प्ले तबकडी बाजारात आली आणि पुढच्या काळात लाखेची तबकडी मागे पडली. लाकडाच्या झिलईत नायट्रोसेल्युलोज आणि त्यानंतर पॉलियुरेथेन आले. लाखेच्या अभ्यासासाठी १९२४ मध्ये रांचीजवळ स्थापन झालेली संशोधन संस्था आजही कार्यरत आहे; मात्र २००७ ते २०२२ या काळात तिच्या नावात लाखेऐवजी नैसर्गिक राळ आणि डिंक होते.

२०/
२०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. वाद्य घडवणाऱ्यांच्या कौशल्याला त्यामुळे उशिरा का होईना, नाव मिळाले. पण वाद्याच्या इतिहासाचा एक पुरावा अजूनही रोज नष्ट होतो. जुना तंबोरा दुरुस्तीला गेला की त्याची झिलई बहुधा खरवडली जाते आणि नवा, चकचकीत, एकसारखा थर चढतो. वाद्य सुंदर दिसते. पण कोणत्या काळात कोणता रंग आणि कोणती राळ वापरली गेली, हे सांगणारा कागद फाटलेला असतो. कारागिरांच्या रंगकामाच्या लेखी नोंदी दुर्मीळ असतात. त्यांची नोंद म्हणजे तो थरच.

२१/
म्हणून घरात किंवा मठात जुने वाद्य असेल, तर ते नव्याने रंगवण्याआधी घोडीखालची जागा पाहावी. तिथे ऊन पोहोचलेले नसते, हात लागलेला नसतो. जुन्या गिटारींचे जाणकारही पिकअपच्या कड्या काढून त्याखालचा रंग तपासतात. बाकी सगळा लाल उडून गेलेला असला, तरी कारागिराने पहिल्या दिवशी दिलेला रंग पुष्कळदा त्या बोटभर जागेत शिल्लक असतो. त्याचे छायाचित्र काढून ठेवावे, वाद्य कोणी आणि केव्हा घडवले हे ठाऊक असल्यास सोबत लिहून ठेवावे, आणि दुरुस्ती करणाऱ्याला तेवढी जागा न खरवडण्यास सांगावे.