‘स्पष्ट’ या शब्दाची वर्तमानपत्री कहाणी

छापील मराठी वर्तमानपत्र ही महाराष्ट्रात नवलाई होती, त्या काळच्या संपादकांनी आपापल्या पत्रांस दिलेली नावे ज्ञातिबंधु-भगिनींनी एकवार डोळ्यांपुढे आणावीत. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ साली निघाले व भाऊ महाजनांचा ‘प्रभाकर’ १८४१ साली. पुढे पुण्यास ‘ज्ञानप्रकाश’ (१८४९), मुंबईस ‘इंदुप्रकाश’ (१८६२), ठाण्यास ‘अरुणोदय’ (१८६६). आरसा, सूर्य, चंद्र, पहाट! या मंडळींनी जणू सारे आकाशच छापखान्यात उतरविले. (भाऊ महाजनांनी ‘धूमकेतू’ही काढला; तो उजेडाचा कितपत व अपशकुनाचा कितपत, हे ज्याचे त्याने ठरवावे.)

१८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ निघाला. त्याच्या नावात उजेड नाही, गर्जना आहे. तथापि आपले हेतू सांगताना त्याच्या चालकांनीही दिव्याचाच आश्रय केला. रात्री रस्तोरस्ती लागलेले दिवे व सारखी फिरणारी पोलिसांची गस्त यांचा जो उपयोग, तोच वर्तमानपत्रकर्त्याच्या लेखणीचा, असे त्यांनी म्हटले. आम्हास ही उपमा फार मार्मिक वाटते. आरसा समोर येईल तेवढेच दाखवितो. गस्तवाला अंधारात काय चालले आहे ते शोधीत हिंडतो. ‘स्पष्ट’ हा शब्दही संस्कृतातील ‘स्पश्’ म्हणजे पाहणे या धातूपासून आला आहे, आणि ‘स्पश’ म्हणजे हेर हा शब्दही त्याच घरचा!

शाळेत आम्ही वर्षानुवर्षे तांबड्या शाईने वह्यांवर ‘स्पष्ट लिहा’ असा शेरा मारीत आलो. त्याचा अर्थ एवढाच, की समजेल असे लिहा. परंतु ‘स्पष्टवक्ता’ म्हणून ज्याची वाहवा होई, तो सुबोध बोलणारा नव्हे, भीड न धरता बोलणारा होय. एकाच शब्दात सुबोधपणा आणि निर्भयपणा असे दोन गुण नांदू लागले. तिसरा गुण जो खरेपणा, तोही त्यात आपोआप आलाच, असे लेखक व वाचक दोघेही धरून चालले.

तो आपोआप येत नाही, हे लौकरच दिसून आले. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे हे तेथील तरुण महाराजांचा छळ करतात, असे ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी अगदी स्पष्ट शब्दांत लिहिले. ज्या पत्रांच्या आधारावर लिहिले ती बनावट निघाली. १८८२ साली टिळक व आगरकर यांस शिक्षा होऊन १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. त्यांच्या हेतूविषयी आम्हास तिळमात्र शंका नाही. परंतु वाक्य स्वच्छ होते आणि आधार गढूळ होता, हेही खरेच.

उलट बाजूचेही एक उदाहरण आहे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली ‘दीनबंधु’ काढला, तो शेतकरी-कष्टकरी बहुजनांसाठी. अशा पत्राचा वाचणारा एक आणि ऐकणारे दहा; तेथे सुबोधपणा ही शोभा नसून गरज होती. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत चालविले. जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यात छापला जाऊ लागला, पण पहिल्या दोन भागांनंतर छपाई थांबली. भाषा कळत नव्हती म्हणून नव्हे, ती फारच नीट कळत होती म्हणून, असे आमचे मत आहे.

नंतरच्या पिढीत राजद्रोहाचे कलम लेखणीच्या मानेवर आले. १९०८ च्या खटल्यात टिळकांना आपल्या मराठी शब्दांच्या सरकारी भाषांतरावरच न्यायालयात झुंजावे लागले. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनी तर स्पष्टोक्ती सोडून वक्रोक्तीच पत्करली होती. वरून स्तुती व आतून तडाखा, असे ते लिहीत; वाचकांस त्यातील मर्म बरोबर कळे. ते सरकारासही कळले. १९०८ सालीच त्यांस १९ महिन्यांची शिक्षा झाली.