कागदी लगद्याची भूछत्रे

कागदी लगद्याची भूछत्रे म्हणजे जुना कागद आणि खळ यांपासून घरगुती पद्धतीने तयार केलेल्या, भूछत्राच्या (अळंबीच्या) आकाराच्या शोभेच्या वस्तू होत. 'पेपर मॅशे' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हस्तकलेचा हा एक सोपा प्रकार आहे. छत्र आणि दांडा हे दोनच भाग स्वतंत्रपणे घडवून जोडायचे असल्यामुळे शालेय कार्यानुभवात, तसेच गणपतीच्या मखराभोवतीच्या आणि बागेच्या देखाव्यांत तो वापरता येतो.

नाव व पार्श्वभूमी

'पेपर मॅशे' हा शब्द मूळ फ्रेंच असून त्याचा शब्दशः अर्थ 'चावलेला कागद' असा होतो. भारतात या कलेची सर्वांत प्रसिद्ध परंपरा काश्मीरची आहे. मध्य आशियातून आलेल्या कारागिरांमुळे ती तेथे रुजली, असे मानले जाते. तेथे वस्तू घडविण्याच्या कामाला 'सख्तसाजी' आणि रंगकामाला 'नक्काशी' म्हणतात.

महाराष्ट्रात लगद्याचा वापर शोभेपेक्षा उपयोगासाठी अधिक झाला. भिजवून कुटलेल्या कागदात मेथीचे पीठ मिसळून त्या लगद्याने बांबूच्या टोपल्या आणि सुपे लिंपण्याची पद्धत अनेक घरांत होती. भिजलेल्या मेथीतील बुळबुळीत द्रव्य चिकटपणा आणते, तर तिच्या कडवटपणामुळे कीड दूर राहते असा समज होता.

अळंबी महाराष्ट्राला अपरिचित नाही. पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी पांढरी अळंबी कोकणात आणि गोव्यात आवडीने खाल्ली जाते. सजावटीत मात्र लाल छत्रावर पांढरे ठिपके असलेले रूप रूढ आहे. ते युरोपातील 'अमानिता मस्कारिया' या विषारी जातीवरून आलेले आहे.

साहित्य

वर्तमानपत्राचा कागद लवकर भिजतो आणि सहज वळतो, म्हणून तो सोयीचा ठरतो. मासिकांच्या गुळगुळीत कागदावर लेप असल्यामुळे तो पाणी नीट शोषत नाही. खळीसाठी एक वाटी मैदा सुमारे पाच वाट्या पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवून मंद आचेवर दाट होईपर्यंत शिजवतात. जुने पुस्तकबांधणीकार खळीत मोरचूद घालत. मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या हस्तकामात तो वापरू नये. याशिवाय वाटी किंवा नारळाची करवंटी, पुठ्ठ्याची नळी, खडूची भुकटी, काचपेपर आणि पोस्टर किंवा ॲक्रिलिक रंग लागतात.

कृती

१. छत्र : वाटी पालथी घालून तिला तेलाचा हात लावावा. खळीत बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या तिच्यावर चिकटवाव्यात. पहिल्या थरातील पट्ट्या उभ्या आणि दुसऱ्यातील आडव्या असाव्यात, म्हणजे सर्व बाजूंनी सारखी बळकटी येते. असे चार ते पाच थर द्यावेत. वाळल्यावर छत्र वाटीवरून सोडवून कडा कापून घ्याव्यात.

२. दांडा : नळीच्या तळाशी वजनासाठी खडे भरून तोंड बंद करावे. वरच्या टोकाला उभे काप देऊन पाकळ्या बाहेर वळवाव्यात आणि त्या छत्राच्या आतल्या बाजूस चिकटवाव्यात. छत्राखालील पापुद्र्यांसाठी घड्या घातलेला कागद मध्यापासून कडेपर्यंत लावावा.

३. लगद्याचा लेप : कागदाचे बारीक तुकडे रात्रभर भिजवून कुटावेत, पाणी पिळून काढावे आणि खळ मिसळून मळावे. या लगद्याने सांधे बुजवावेत. लेप पातळ ठेवावा, कारण लगदा वाळताना आकसतो आणि जाड लेपाला तडे जातात.

४. रंग : पूर्ण वाळलेल्या वस्तूवर खडूची भुकटी व डिंक यांचा हात द्यावा, काचपेपरने घासावे आणि मग रंगवून वर वार्निश लावावे.

वाळवणे

या कामातील बहुतेक अपयशाचे कारण अपुरे वाळवणे हेच असते. कागदाचे तंतू सेल्युलोजचे असतात. पाणी निघून गेल्यावर ते एकमेकांना घट्ट धरतात आणि खळ ही पकड वाढवते. आत ओलावा राहिला तर ही पकड येत नाहीच, शिवाय मैद्यावर बुरशी धरते. भूछत्र हीदेखील एक कवकच असल्यामुळे दोन्हींना मानवणारी परिस्थिती, म्हणजे ओल आणि सेंद्रिय पदार्थ, जवळपास सारखीच असते.

मुंबईत पावसाळ्यात हवा अत्यंत दमट असते आणि गणेशोत्सवाची तयारीही त्याच दिवसांत चालते. त्यामुळे एका वेळी एक-दोनच थर देऊन ते पंख्याखाली वाळवावेत. वस्तू हाताला गार लागत नसेल आणि टिचकी मारल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर ती वाळली असे समजावे. वार्निश घाईने लावल्यास ओलावा आत कोंडला जातो.

पर्यावरणविषयक बाजू

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आणणारी अधिसूचना काढली. मखरासाठी सर्रास वापरला जाणारा थर्माकोलही तिच्या कक्षेत आला आणि कागद व पुठ्ठा यांच्या सजावटीला महत्त्व आले. तथापि कागदी वस्तू आपोआप निरुपद्रवी ठरत नाही.

मुंबईच्या पूर्व उपनगरातील गोवंडी परिसरावरून हे स्पष्ट होते. १९२७ पासून वापरात असलेली देवनार कचराभूमी याच भागात आहे. तिच्या आसपासच्या वस्त्यांत अनेक कुटुंबे कचरावेचणी आणि भंगार वेगळे करण्याच्या कामावर जगतात. कोरड्या, स्वच्छ रद्दीला भाव मिळतो आणि ती पुन्हा कागद गिरणीकडे जाते. त्याच कागदाला खळ, रंग आणि वार्निश लागले की तो या साखळीतून बाहेर पडतो आणि टाकून दिल्यावर कचराभूमीतच पोहोचतो. म्हणून कागदी भूछत्राचा पर्यावरणीय लाभ ते किती वर्षे जपून वापरले जाते यावर अवलंबून असतो. एका उत्सवापुरती केलेली वस्तू विकता आली असती अशी रद्दी वाया घालवते.

अशा वस्तू पाण्यात सोडणेही योग्य नाही. लगदा विरघळत नाही, त्याचे तंतू सुटे होऊन पसरतात आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू वापरतात. रंग न दिलेली, केवळ मैद्याच्या खळीने केलेली वस्तू तुकडे करून घरगुती खतात घालता येते.

दक्षता

छपाईच्या शाईमुळे वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत, असा इशारा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये दिला होता. त्यामुळे लगद्याची वस्तू खाद्यपदार्थ ठेवण्यासाठी वापरू नये आणि काम झाल्यावर हात धुवावेत. मैद्याच्या वासाने झुरळे व कसर येत असल्याने वस्तू कोरड्या, बंद डब्यात ठेवाव्यात.