पुराची रेषा आणि देवळाची भिंत

भीमा-सीनेकाठचा माणूस पूर मोजीत आला तो देवळावरून. पंढरीस वाळवंटातील पुंडलिकाचे मंदिर पाण्यात गेले की काठची वस्ती सावध होई. सन १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. तरीही ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेचे व सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेचे पाणी गावांत शिरले.

सरकारी नकाशावर निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. परंतु पात्र गाळाने भरते, काठी घरे उठतात आणि जुनी रेषा अपुरी पडते. ती फिरून आखावयाची तर पाणी कोठवर चढले याची साक्ष हवी. म्हणून जीर्णोद्धारात भिंतीवरील पुराची खूण रंगाखाली बुजवू नये. सालासह दगडात कोरावी. घर कोठे बांधू नये, हे पुढील पिढीस तीच सांगेल.