पाइप ऑर्गन : वादन आणि जतन

पाइप ऑर्गन हे पाश्चात्त्य ख्रिस्तसभेचे परंपरागत उपासनावाद्य होय. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या पवित्र उपासनाविषयक संविधानाने (४ डिसेंबर १९६३, अनुच्छेद १२०) त्यास मोठा मान दिला आहे. मुंबईच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये असा ऑर्गन आहे. आखाडा बाळापूरकडील भाविकांना परिचयाची आहे ती पेटी. दोहोंचा प्राण भात्याची हवाच. पेटीत ती धातूच्या पट्ट्यांना कंप देते. ऑर्गनच्या बहुतेक नळ्या मात्र बासरीसारख्या बोलतात.

पावसाळ्यात लाकूड फुगते व झडपा अडकतात, उन्हाळ्यात चामडे चिरते; वाळवीचे भय बारमाही. ऑर्गन जपण्यासाठी कुलूपबंद ठेवणे हा गैरसमज आहे. नियमित वादनाने यंत्रणा मोकळी राहते व बिघाड वेळीच कळतो.

फिलिपाइन्समधील लास पिन्यास येथील ऑर्गन या दृष्टीने बोधप्रद आहे. फादर दिएगो सेरा यांनी तो १८१६ ते १८२४ या काळात घडविला. त्याच्या १,०३१ नळ्यांपैकी ९०२ बांबूच्या आहेत! कीड लागू नये म्हणून बांबू वाळूत पुरून ठेवले होते. जीर्ण झाल्यावर १९७३ साली तो जर्मनीत बॉन येथे नेण्यात आला व १९७५ साली दुरुस्त होऊन परतला.

आपल्याकडे जाणकार येईपर्यंत धर्मग्रामाने एवढे अवश्य करावे : निखळलेली नळी भंगारात न देता तिच्यावर जागेची चिठ्ठी बांधून ती सॅक्रिस्टीत कोरडी ठेवावी.