जिताड्याचा गळ आणि बांधावरची वाट

उरण तालुक्यातल्या द्रोणागिरीचे नाव आज घेतले की कंटेनरची गोदामे, सिडकोच्या इमारती आणि २०२४ साली सुरू झालेला उरणचा रेल्वेमार्ग डोळ्यांपुढे येतो. पन्नास वर्षांपूर्वीचा नकाशा वेगळा होता. द्रोणागिरी डोंगराच्या पश्चिमेला मुंबई बंदराचे तोंड, दक्षिणेला करंजाची खाडी आणि पूर्वेला मिठागरे, खाजण व बांध घालून राखलेली भातशेती. या किनाऱ्याच्या मासेमारीचा इतिहास सांगायचा झाला की सहसा होड्या, डोल जाळी आणि करंजाचे ट्रॉलर यांचाच सांगितला जातो. बांधावर उभे राहून दोरी टाकणाऱ्याला त्यात जागा नसते. त्याच्या हातातले हलके साधन म्हणजे होडी घेणे न परवडणाऱ्याची तडजोड, असा सर्वसाधारण समज आहे. माझे मत उलट आहे. गळ, पाग (हाताने फेकायचे जाळे), फग (चिंबोरीचा सापळा) ही साधने खाडीची नीट पारख करून निवडलेली होती. ती मागे पडली यात साधनांचा दोष नव्हता. ज्या बांधावरून आणि ज्या भरतीच्या पाण्यात ती चालत, ते दोन्ही गेले म्हणून ती मागे पडली.

ही पारख समजून घ्यायला जिताड्याइतका चांगला मासा नाही. जिताड्याला इंग्रजीत जायंट पर्च असेही म्हणतात आणि ऑस्ट्रेलियात तोच बारामुंडी म्हणून ओळखला जातो. त्याचा जन्म खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात होतो आणि पिल्ले पावसाळ्यात भरतीबरोबर खाजणांत, ओढ्यांत, गोड्या पाण्यातही शिरतात. आयुष्याच्या सुरुवातीला तो नर असतो. काही वर्षांनी, साधारण मीटरभर लांबीला पोचता पोचता, बहुतेक मासे मादी होतात. पेण-अलिबागच्या खारेपाटात घराजवळच्या तळ्यात जिताडे सोडून वाढवायची चाल होती, ती या माशाला गोडे पाणीही मानवते म्हणूनच. शिकारीची त्याची रीत ठरलेली आहे. तो पाठलागात दमत नाही, आडोशाला दबा धरतो. ओहोटीला खारबांधाच्या उघाडीतून, म्हणजे पाण्याच्या दारातून, पाणी बाहेर पडू लागले की त्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासळी वाहत येते, आणि जिताडा नेमका त्या प्रवाहाच्या कडेला थांबतो. म्हणजे तो मिळण्याची जागा कित्येकदा काठापासून चार-पाच हातांवरच असते. तिथे होडीचा उपयोग नाही, आणि भले मोठे जाळे खारफुटीच्या मुळांत अडकून फाटते.

आता साधन पाहा. जिताडा भक्ष्य चावत नाही, तोंड एकदम उघडून पाण्यासकट ओढून घेतो. म्हणून आमिष जिवंत आणि मोकळे फिरणारे हवे. जड शिसे बांधले तर ते मऊ चिखलात रुतते आणि कोळंबी जागच्या जागी मरते. मग ती जिताड्याऐवजी शिंगाळ्याच्या तोंडी जाते. भांगाच्या दिवसांत पाण्याला ओढ कमी, तेव्हा शिशाचा लहानसा तुकडा पुरतो. उधाणाला ओढ वाढते, तेव्हा वजन थोडे वाढवावे लागते. दोरी बारीक असली तर माशाला संशय येत नाही, पण तिला एक मर्यादा आहे. जिताड्याच्या कल्ल्यांच्या झाकणाच्या कडा धारदार असतात आणि गळ लागल्यावर तो उसळी मारून डोके झटकतो, त्यात बारीक दोरी कापली जाते. म्हणून मुख्य दोरी हलकी ठेवायची आणि गळाशी लागून हातभराचा तुकडा जाड घ्यायचा. आधी सुती दोरी होती, पुढे नायलॉनचा तंगूस आला, पण हा हिशेब बदलला नाही. बोईट सहसा गळाला लागत नाही, त्याच्यासाठी पाग. चिंबोरीसाठी फग. निवटीसाठी नुसता हात. प्रत्येक जीवाच्या खोडीप्रमाणे वेगळे साधन ठेवणे हे अनुभवातून आलेले शास्त्रच आहे.

मग या शास्त्राची नोंद का नाही? नोंद करणाऱ्यांच्या नजरेत ते बसत नव्हते म्हणून. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने, उरण तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, कोळ्यांच्या होड्या आणि जाळी यांची दखल घेतली. सरकारला मोजता येणारी आणि कर बसवता येणारी साधने तीच होती. गळावर इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिले ते मुख्यतः शौक म्हणून. हेन्री सलिव्हन थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ साली निघाले आणि त्यात मानाचे पान नदीतल्या महाशीराला मिळाले. स्वातंत्र्यानंतरही चौकट तीच राहिली. महाराष्ट्राचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा परवाना देतो तो नौकेला. भात कापून झाल्यावर बांधावर गळ टाकणारा आगरी शेतकरी आणि ओहोटीला चिखलात उतरणारी कोळीण यांच्याकडे नौका नव्हती, त्यामुळे त्यांचा कागदही झाला नाही.

कागद नसल्याची किंमत पुढे मोजावी लागली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे-पनवेल-उरण पट्ट्यातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. त्या बलिदानातून विकसित जमीन परत मिळण्याचा मार्ग खुला झाला. पण तो हक्क सातबाऱ्याचा होता. खाजण, उघाडी, बांधावरची वाट यांचा सातबारा कोणाच्या नावावर नव्हता. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा बंदराचे उद्घाटन झाले. भरावाने खाजणे आक्रसली, आणि जिथे भरती पोचेनाशी झाली तिथे जिताड्याच्या पिल्लांची वाट बंद झाली. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने या भागातल्या १६३० मच्छीमार कुटुंबांना ९५.१९ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेले. खाडीवरची उपजीविका ही मोल असलेली गोष्ट आहे, हे त्या आदेशाने ठळकपणे मांडले. बंदराचे उद्घाटन होऊन तेव्हा पाव शतक उलटले होते.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा की बांधावरच्या गळाने असे किती मासे मिळणार? बाजाराच्या तराजूत थोडेच. पण तो मासा मुळात घरच्या ताटासाठी होता. भात आपले, मीठ आपले आणि कालवणही आपले, एवढ्यावर हातात रोकड नसलेली कुटुंबे वर्ष काढत. पैशात न दिसणारे हे उत्पन्न गेले, तेव्हा तेच अन्न विकत घ्यावे लागले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हलके साधन नेहमीच निरुपद्रवी असते का? नसते. बारीक आसाचा पाग पावसाळ्यात पिल्ले ओरबाडतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु गळाचे तसे नाही. त्याचा आकार आणि आमिष यांवर कोणता मासा लागेल हे बरेचसे ठरते, आणि नको तो मासा जिवंत सोडता येतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा बारामुंडी सर्वसाधारणपणे ठेवता येत नाही. मोठ्या माद्या वाचाव्यात हा त्यामागचा विचार. असा नियम गळावर नीट पाळता येतो, ट्रॉलच्या जाळ्यात तो अर्थहीन ठरतो.

तिसरा आक्षेप असा की लोकांनी स्वतःहूनच नोकरी आणि यांत्रिक बोट पत्करली, मग हळहळ कशाची? नोकरी पत्करण्यात काही गैर नाही, आणि बंदराने अनेक घरांत पगार आणला हेही खरे. पण स्वतःहून निवडले असे म्हणायला दोन्ही पर्याय शिल्लक असावे लागतात. खाजणात भरती येत असती, बांधावर जायला वाट असती आणि तरीही माणसांनी गळ खाली ठेवला असता, तर ती निवड ठरली असती. इथे पाणी आधी हटले, साधन नंतर सुटले. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण याच क्रमाकडे दुर्लक्ष करून पारंपरिक व्यवसाय ‘आपोआप कालबाह्य झाला’ असे सांगितले जाते.

द्रोणागिरी परिसरात पाणजेसारख्या पाणथळ जागा अजून आहेत आणि तिथे भरतीचे पाणी अडवले जात असल्याच्या तक्रारीही आहेत. म्हणून हा इतिहास केवळ स्मरणाचा विषय नाही. जिताड्याचे बीज आता प्रयोगशाळेत तयार होते. चेन्नईच्या केंद्रीय खारे जल जलकृषी संस्थेने १९९७ मध्ये ते साधले. त्यामुळे मासा तळ्यात टिकेल. खाडीतला जिताडा आणि त्याला ओळखणारा हात टिकवायचा असेल, तर उरलेल्या खाजणांत भरती मोकळी येऊ दिली पाहिजे, बांधापर्यंतची वाट सार्वजनिक मानली पाहिजे आणि मच्छीमारांच्या मोजणीत नौकेबरोबर गळ, पाग आणि फग यांचीही नोंद झाली पाहिजे. हलक्या साधनाला सरकारकडून अनुदान लागत नाही, डिझेल लागत नाही, धक्काही लागत नाही. त्याला लागते ते वाहते पाणी आणि काठावर उभे राहण्याचा हक्क, आणि या दोन्ही गोष्टी देणे शासनाच्या हातात आहे.