अंकीय प्रतिमांचे संक्षेपण

छायाचित्र किंवा चित्र यांची अंकांच्या रूपात साठविलेली माहिती, चित्र डोळ्यांना जवळजवळ तसेच दिसेल अशा रीतीने कमी जागेत बसविण्याची क्रिया. संगणकावर प्रतिमा ही ओळी व स्तंभ यांत मांडलेल्या चित्रबिंदूंची बनलेली असते. प्रत्येक बिंदूतील लाल, हिरवा व निळा या रंगांची तीव्रता सामान्यतः ८ बिटांत नोंदवितात. त्यामुळे रंगीत चित्राच्या एका बिंदूस २४ बिट लागतात. ६४० × ४८० बिंदूंच्या लहानशा चित्रासही या हिशेबाने ९,२१,६०० बाइट जागा लागते. दर सेकंदास २,४०० बिट वाहून नेणाऱ्या दूरध्वनी-जोडणीवरून असे एक चित्र पाठविण्यास सुमारे ५१ मिनिटे लागत. संगणकांत चित्रांची देवघेव सुरू झाली, तेव्हा ही मोठी अडचण होती.

माहितीचा कोणताही अंश न गमावता आकार कमी करण्याचे उपाय प्रथम पुढे आले. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये माहिती सिद्धांत मांडला व संदेशातील पुनरुक्ती किती प्रमाणात काढून टाकता येईल, याची सीमा दाखवून दिली. डेव्हिड हफमन यांनी १९५२ मध्ये वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड व क्वचित येणाऱ्या चिन्हांना लांब संकेत देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. अब्राहम लेम्पेल व याकोब झिव यांनी १९७७ व १९७८ मध्ये पुनरावृत्त होणाऱ्या अंकमालिका ओळखण्याची रीत सुचविली. टेरी वेल्श यांनी १९८४ मध्ये तीत सुधारणा केली. या सुधारित रीतीवर आधारलेला जिफ हा प्रतिमाप्रकार १९८७ मध्ये प्रचारात आला. आलेख व रेखाचित्रे यांना या पद्धती उत्तम लागू पडतात. कारण त्यांत एकाच रंगाचे मोठे पट्टे असतात. छायाचित्रात मात्र शेजारचे दोन बिंदू सारखे भासले, तरी त्यांचे अंक क्वचितच तंतोतंत जुळतात. त्यामुळे छायाचित्राचा आकार अशा पद्धतींनी निम्म्याहून फारसा कमी होत नाही. शिवाय जिफमध्ये एका चित्रात २५६ हून अधिक रंग ठेवता येत नसत.

पुढील मार्ग एका गणिती रूपांतरातून निघाला. बंगळूर येथे जन्मलेले व अमेरिकेतील कॅन्सस स्टेट विद्यापीठात अध्यापन करणारे नासिर अहमद यांनी १९७२ मध्ये कोज्या फलनांवर आधारलेल्या रूपांतराच्या अभ्यासासाठी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितले. कल्पना फारच साधी असल्याचा अभिप्राय एका परीक्षकाने दिला व अनुदान नाकारले गेले. तरीही अहमद यांनी काम चालू ठेवले. टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह त्यांनी लिहिलेला विविक्त कोज्या रूपांतराविषयीचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. या रूपांतराने चित्राच्या लहान तुकड्याचे वर्णन बिंदूंच्या तीव्रतेऐवजी मंद व जलद चढउतारांच्या प्रमाणात करता येते. सर्वसाधारण छायाचित्रात बहुतेक आशय थोड्याशा मंद चढउतारांतच एकवटलेला आढळतो.

आंतरराष्ट्रीय प्रमाणक संघटना आणि दूरसंचारविषयक आंतरराष्ट्रीय सल्लागार समिती यांच्या तज्ञांचा संयुक्त गट १९८६ मध्ये स्थापन झाला. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून जेपेग हे नाव पडले. जून १९८७ मध्ये या गटाने पुढे आलेल्या १२ पद्धतींपैकी ३ निवडल्या. कोणते चित्र कोणत्या पद्धतीचे हे न सांगता त्यांचा दर्जा पाहणाऱ्यांकडून ठरवून घेण्यात आला. जानेवारी १९८८ मधील दुसऱ्या चाचणीत कोज्या रूपांतरावरील पद्धत सरस ठरली. प्रमाणकाला १९९२ मध्ये संमती मिळाली आणि १९९४ मध्ये ते आंतरराष्ट्रीय प्रमाणक म्हणून प्रसिद्ध झाले.

या पद्धतीत प्रथम चित्रातील उजळपणा व रंगछटा वेगळ्या करतात. मानवी डोळा उजळपणातील फरक चटकन टिपतो, पण रंगातील बारीक फरकांबाबत तो तितका संवेदनक्षम नसतो. म्हणून रंगछटांची नोंद बहुधा विरळ ठेवतात. नंतर चित्राचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडून प्रत्येकाचे रूपांतर करतात व त्यातून ६४ गुणांक मिळतात. प्रत्येक गुणांकास ठराविक संख्येने भागून उत्तर जवळच्या पूर्णांकात घेतात. जलद चढउतारांसाठी हे भाजक सामान्यतः मोठे असल्याने त्यांचे बहुतेक गुणांक शून्य होतात. माहितीचा मुख्य लोप याच टप्प्यात होतो. उरलेले अंक हफमन संकेतांत बांधतात. समितीचे अध्यक्ष ग्रेगरी वॉलेस यांनी १९९१ मध्ये दिलेल्या अंदाजाप्रमाणे, दर बिंदूस दीड ते दोन बिट ठेवल्यास चित्र सहसा मुळापासून वेगळे ओळखता येत नाही. वरील उदाहरणातील चित्र दोन बिटांच्या हिशेबाने ७६,८०० बाइटांत मावते व त्याच जोडणीवरून सुमारे सव्वाचार मिनिटांत जाते.

ही पद्धत सार्वत्रिक होण्यास तिची मुक्त उपलब्धताही कारणीभूत झाली. टॉम लेन व त्यांच्या स्वयंसेवी सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये तिची आज्ञावली विनामूल्य प्रसिद्ध केली. फाइलींची मांडणी कशी असावी, याचा साधा संकेत १९९२ मध्ये ठरला. याउलट, जिफमागील रीतीवरील एकस्वाचे शुल्क १९९४ च्या अखेरीस मागितले जाऊ लागताच पर्यायाचा शोध सुरू झाला. त्यातून १९९६ मध्ये पीएनजी हा माहिती न गमावणारा प्रकार तयार झाला. जेपेगवरही २००२ मध्ये एका कंपनीने एकस्वाचा दावा सांगितला. परंतु २००६ मध्ये अमेरिकी एकस्व कार्यालयाच्या फेरतपासणीत त्यातील बरेच दावे नाकारले गेले व वाद मिटला.

गमावलेली माहिती जेपेग चित्रातून परत मिळविता येत नाही. संक्षेपण अधिक केल्यास चौकोनांच्या कडा दिसू लागतात व अक्षरांभोवती धूसर कंगोरे उमटतात. चित्रात बदल करून ते पुनःपुन्हा साठविल्यास दोष वाढत जातात. लहान केलेली फाइल पुन्हा मोठ्या असंक्षेपित प्रकारात बदलली, तरी केवळ आकार वाढतो, तपशील येत नाही. म्हणून हस्तलिखिते, नकाशे वा दुर्मिळ छायाचित्रे यांचे अंकीकरण करताना मूळ प्रत टिफसारख्या प्रकारात माहिती न गमावता जपून ठेवतात आणि वाचकांच्या उपयोगासाठी तिची लहान जेपेग प्रत काढतात. जेपेग २००० (२०००), वेबपी (२०१०) व एव्हिफ (२०१९) हे नंतरचे प्रकार कमी जागेत तितकाच दर्जा देऊ शकतात. तथापि बहुतेक सर्व उपकरणांवर उघडता येत असल्याने जुना जेपेग प्रकार छायाचित्रांच्या देवघेवीत टिकून राहिला आहे.