जीआरसीचं मूळ सिमेंटच्या रसायनात

नव्या इमारतींच्या दर्शनी भागावर दगडी वाटणाऱ्या जाळ्या, कंगोरे आणि मोठमोठी पॅनेल दिसतात, त्यांतली बरीचशी जीआरसीची, म्हणजे काचतंतू घातलेल्या सिमेंटची असतात. जाडी जेमतेम 10 ते 15 मिलिमीटर, म्हणून वजन कमी आणि सांगाड्यावर भारही कमी. या मालाची वंशावळ मातीत कालवलेल्या पेंढ्यापासून सुरू होते, लुडविग हात्शेक यांच्या अॅस्बेस्टॉस सिमेंटपाशी थांबते आणि पिल्किंग्टन या इंग्लिश काच कंपनीपाशी संपते, असं सहसा सांगितलं जातं. माझ्या मते तिचा कळीचा दुवा 1956 सालच्या एका शोधनिबंधात आहे, आणि त्या निबंधात काचेचा विषयच नाही.

अडचण मुळात अशी होती की काचतंतू ताण छान सोसतो, पण ओल्या पोर्टलँड सिमेंटमधली तीव्र अल्कली त्याला कुरतडते. कीव्हमध्ये बिर्युकोविच बंधूंनी साधी काच कायम ठेवून सिमेंट बदललं. कमी अल्कलीचं, अॅल्युमिनायुक्त सिमेंट वापरलं. इंग्लंडच्या बिल्डिंग रिसर्च स्टेशनमध्ये ए. जे. मजुमदार यांनी 1967 च्या सुमारास नेमकं उलटं केलं. सिमेंट तेच ठेवून त्यांनी सुमारे 16 टक्के झिर्कोनिया असलेल्या काचेचे तंतू काढले. पिल्किंग्टनने 1971 मध्ये ते ‘सेम-फिल’ नावाने बाजारात आणले. आता 1956 चा निबंध पाहा: रुस्तम रॉय यांच्यासोबत मजुमदार यांनी तेव्हा चुना, अॅल्युमिना आणि पाणी यांच्या संयुगांचा अभ्यास मांडला होता. अॅल्युमिना सिमेंट घट्ट होतं ते याच संयुगांमुळे. ऊब आणि ओल मिळाली की त्यातले षट्कोनी स्फटिक रूप बदलतात, आकारमान घटतं, आत छिद्रं पडतात आणि ताकद उतरते. हे रसायन हाताळलेला माणूस कीव्हच्या वाटेने जाणार नाही, हा माझा तर्क. 1974 मध्ये लंडनच्या एका शाळेतल्या तरणतलावाचं छप्पर कोसळलं, तेव्हा या सिमेंटचा धोका सगळ्यांना दिसला.

यावर आक्षेप येतो की झिर्कोनियामुळे काच अल्कलीला टिकते, हे काचवाल्यांना आधीच ठाऊक होतं. खरं आहे; पण सिमेंटला हात न लावता काचच बदलायची, हा निर्णय सिमेंट ओळखणाऱ्याचा वाटतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ही काचही पूर्ण सुरक्षित नाही. एका धाग्यात सुमारे 200 तंतू असतात. त्यांच्या फटींत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे स्फटिक वाढले की धागा जखडतो आणि पॅनेल काळानुसार ठिसूळ होतं. म्हणून मिश्रणात मेटाकाओलिन घालतात. चीनमध्ये तर झिर्कोनियाची काच आणि कमी अल्कलीचं सिमेंट दोन्ही एकत्र वापरली गेली. पण हे सारे उपाय सिमेंटच्या रसायनातलेच आहेत, त्यामुळे आक्षेप माझ्याच बाजूने उभा राहतो. आणि हा माल टिकूही शकतो: लंडनमधल्या 30, कॅनन स्ट्रीट या 1977 साली पुऱ्या झालेल्या इमारतीला दुपदरी जीआरसी पॅनेलचं आवरण आहे आणि तिला आज वारसा इमारत म्हणून संरक्षण आहे.